गरम टायरची हवा

आप्पा, तुमच्या तेराव्याला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून गेला. सूबेदार साब के हाथ से एक भी टायर ग़लत नहीं गया. यार्डाच्या मालकांनी, लालाजींनी, ते दोनदा म्हटलं, एकदा आईसमोर आणि एकदा जिन्यात चपला घालताना. मी कप उचलत होते. मान वर करून सांगावंसं वाटलं, की गेला. एक गेला. कुठला, ते मला माहीत आहे, त्याचा आकडाही पाठ आहे. पण मी चार माणसांत तोंड उघडत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि त्याच एका गोष्टीच्या भरवशावर तुम्ही शेवटची दोन वर्षं काढलीत.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणते. पण तुम्ही होता तेव्हा मी रागावले नाही, म्हणून तो राग आता उरला आहे.

सगळं वाईट आठवत नाही. रविवारची पहाट आठवते. सव्वीस सेक्टरच्या ट्रान्सपोर्ट एरियात अजून कोणाचं इंजिन सुरू झालेलं नसायचं. तुम्ही फौजेतून सुटल्यावर लालाजींच्या यार्डात गाड्यांची देखभाल बघायला लागलात तेव्हा मी नववीत होते. टायर कंपनीची जाडी इंग्रजी पुस्तिका आली होती, आणि तुमचं इंग्रजी सातारच्या शाळेत सातवीपर्यंत झालेलं. म्हणून तुम्ही मला उठवून स्कूटरवर मागे बसवलंत. मला लाज वाटायची. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या मैत्रिणी रविवारी लेकवर फिरायला जायच्या आणि मी ट्रकच्या चाकापाशी पाटावर बसून तुम्हाला तक्ते वाचून दाखवायचे.

"एका टायरवर किती वजन येतं?" तुम्ही विचारलंत.

"टोटल को टायरों से भाग दो ना, आप्पा."

"चूक. पुढं मागं सारखं वजन असतंय व्हय? आधी पुढची चाकं काट्यावर घालायची. मग मागची. मग ट्राल्याची. एकेका धुऱ्याचं वजन येगळं. ते कळल्यावर पुस्तक उघडायचं."

तेव्हा कुठे मला समजलं, की प्रत्येक गाडीला एकच बरोबर आकडा असा नसतो. तोच टायर रिकाम्या ट्राल्याखाली, म्हणजे मागे जोडलेल्या ट्रेलरखाली, असला तर एक हवा, सळया भरल्यावर दुसरी. जोडीतल्या दोन चाकांत सारखीच हवा हवी, नाहीतर जास्त हवेचं चाक दोघांचं ओझं उचलतं. आतल्या चाकाला हवा मोजायचा गेज लावायला वाकावं लागतं म्हणून ड्रायव्हर ते सोडून देतात, तर आधी तेच बघायचं. ट्राल्याचा टायर बसला तरी पुढे केबिनमध्ये काही कळत नाही, म्हणून ट्राला दोनदा बघायचा. "वजन टायर न्हाई उचलत, हवा उचलती," तुम्ही म्हणायचात.

आणि सगळ्यात वरचा नियम. मोजायचं ते पहाटे, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना. धावून आलेल्या टायरचा आकडा चढलेलाच असतो. पंधरा-वीस पौंडसुद्धा चढतो. तो बघून घाबरायचं नाही आणि गरम टायरची हवा कधी काढायची नाही. काढली, तर गाडी थांबून टायर गार झाला की हवा कमी पडते, कमी हवेचा टायर ओझ्याखाली दबत राहतो, दबून दबून आणखी तापतो, आणि फुटतो.

हे तुम्ही मला एकटीला नाही, यार्डातल्या प्रत्येकाला शिकवलंत. बलकार सिंग सगळ्यात मन लावून ऐकायचा. ट्राला चालवणारा, चाळिशीतला, पगडी नेहमी आमसुली रंगाची. मला तो 'मैडम जी' म्हणायचा, वेण्या घालत होते तेव्हापासून. एकदा मी तक्ता वाचत असताना तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मैडम जी, एस किताब विच ए वी लिखेया ए, कि लालाजी गड्डी किन्नी दुगनी भरदे ने?"

लालाजी गाडीत किती दुप्पट माल भरतात तेही पुस्तकात आहे का, म्हणे. तुम्ही हसलात. तुम्ही मोठ्याने हसलेले मला फार थोड्या वेळा आठवतात, त्यातली ही एक.

रजिस्टर मी लिहायचे, कारण लालाजींना ते इंग्रजीत हवं होतं. गाडी, चाक, थंड हवा, ओझं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. मी तो रिकामा सोडला की तुम्ही बोट ठेवायचात. "आकडा काय झालं ते सांगतो. का झालं ते शेऱ्यात. शेरा रिकामा म्हंजे लिहिणारा काहीतरी लपवतोय." हे वाक्य तुमचं आहे, आप्पा. मी बनवलेलं नाही.

मग ते दहशतीचे दिवस आले. पेपरात रोज मेलेल्यांचे आकडे, संध्याकाळी सातला बाजार बंद, कॉलेजच्या बसमध्ये मागच्या सीटवर कोणी पिशवी विसरलं तर सगळ्या मुली खाली. हमरस्त्यावर दर काही मैलांना नाका, वाळूची पोती, त्यामागे बंदुका. तेव्हा ट्रान्सपोर्ट एरियात एक नवीन रीत पडली. ड्रायव्हर नाका यायच्या आधी गाडी कडेला घ्यायचे आणि टायरांतली हवा थोडी थोडी सोडायचे. का, तर टायर फुटला की आवाज गोळीसारखा येतो, आणि नाक्यावरचा जवान आधी गोळी झाडतो, मग टायर बघतो. गच्च भरलेला टायर उन्हात फुटणारच, मऊ असला की फुटणार नाही, असा सगळ्यांचा हिशोब.

तुम्ही यार्डाच्या मधोमध उभे राहून ओरडायचात. तुमच्या मराठी हिंदीत.

"अरे, फुगा है क्या? हवा कम किया तो फटेगा! ज्यादा से नहीं, कम से फटता है!"

"साब जी," एकजण म्हणाला होता, "तुहाडी किताब नूं गोली नहीं वजदी."

सगळे हसले. तुम्ही नाही. तुम्ही म्हणालात, "किताब को नहीं लगती. इसीलिए किताब को डर नहीं लगता. जो डरता नहीं उसकी सुनो."

त्यानंतर आठवड्याभरात यार्डातल्याच एका ट्रकचा पुढचा टायर एका नाक्यासमोर फुटला. गोळ्या चालल्या. ड्रायव्हर खाली वाकला म्हणून वाचला. गाडी आणायला तुम्ही गेलात. परत आलात तेव्हा ट्रकच्या दारावर पाच भोकं होती, आणि तुम्ही एकेका भोकात करंगळी घालून बघत होतात. मी फाटकाशी उभी होते. तुम्हाला कोणी बघतंय हे तुम्हाला कळलं नाही.

त्या दिवसापासून तुम्ही बदललात. आईला वाटलं पोट बिघडलंय. मला माहीत होतं. खाली गल्लीत कोणाच्या सायकलची ट्यूब फुटली आणि तुमचा घास हातातच राहिला. दोन लढाया बघितलेला माणूस. मी आमटी वाढत राहिले. तेव्हा मी विचारलं असतं, "आप्पा, डर लगता है?", तर पुढचं काही टळलं असतं का? नाही विचारलं. आपल्या घरात असं विचारत नाहीत.

तो जूनमधला रविवार. दुपारचे तीन. बलकार गोबिंदगढहून सळया भरून आला होता आणि त्याला संध्याकाळच्या आत पुढे अंबाल्याला पोहोचायचं होतं, कारण अंधार पडल्यावर रस्त्यावर कोणी राहत नव्हतं. टायरांना हात लावता येत नव्हता इतके ते तापले होते. तुम्ही ट्राल्याच्या आतल्या चाकाला गेज लावलात. एकशे पंचवीस. मी लिहायला पेन उचललं. तुम्ही परत लावलात. परत एकशे पंचवीस. पहाटे तोच टायर एकशे पाच होता, तुम्हीच मोजलेला. वीस चढले होते, जसे चढतात तसे. तुम्ही मला सहा वर्षं जे शिकवलंत तेच तुमच्यासमोर घडत होतं.

आणि तुम्ही म्हणालात, "काढ. एकशे पाचवर आण."

बलकारने व्हॉल्व्हवरचा हात मागे घेतला. "सूबेदार साब, गरम टैर दी हवा? तुसीं आप ही तां मना करदे हो."

"आज मी सांगतोय ना." मराठीत बोललात. त्याला मराठी येत नव्हती, हे विसरून.

"साब जी, ठंडा हो के पंजासी रह जाऊ." पंच्याऐंशीच उरेल, असं तो म्हणत होता.

"जितना बोला उतना करो! नाके पे फटा तो कौन मरेगा? तुम कि मैं?"

बलकारने सगळ्या आठ चाकांची हवा काढली. हवा सुटताना जो लांब आवाज येतो तो मी आठ वेळा ऐकला. तो मला कधीही नकोसा वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला. मी पेन धरून उभी होते. निघताना बलकारने केबिनमधून हात केला. "चंगा, मैडम जी."

दीड तासाने, एका नाक्यापासून शंभर पावलांवर, ट्राल्याचा आतला टायर फुटला. जवानांनी गोळी झाडली. ती बलकारच्या गुडघ्यातून गेली.

तो मेला नाही. तुम्ही देवापुढे दिवा लावलात आणि आईला म्हणालात, सुटलो. पण तो सुटला नव्हता. टायर फुटला हे सगळ्यांना दिसत होतं. तो कशाने फुटला, हा प्रश्न होता. रिमशेजारचा पत्रा फाटला होता, आणि त्या वर्षी एकट्या सरदाराच्या गाडीखाली नाक्यासमोर स्फोटासारखं काही झालं, तर पोलीस आधी बॉम्बच धरून चालत, सहज मान हलवून सोडून देत नव्हते. हॉस्पिटलातून त्याला थेट चौकीत नेलं.

चौथ्या दिवशी त्याची बायको सुरजीत आपल्या घरी आली. जिन्यात उभी राहिली, आत आली नाही. ठाणेदाराने सांगितलं होतं, वर्कशॉपचा कागद आणा. टायर आपोआप फुटण्यासारखा होता, असं तिथल्या जाणत्या माणसाने लिहून दिलं तर तो कागद फायलीला लागेल. "बस ऐन्ना लिख दयो, वीरजी," ती म्हणाली. "टैर माड़ा सी. बस." टायर खराब होता, एवढंच.

तुम्ही तिला म्हणालात, देतो.

मग मला बोलावलंत. स्टडी टेबलावर माझी इकॉनॉमिक्सची पुस्तकं होती, ती बाजूला सारलीत आणि लेटरहेड ठेवलंत. मला वाटलं तुम्ही खरं सांगाल. खरंच वाटलं. पेन उघडताना मला हलकं झालं होतं.

तुम्ही भिंतीकडे बघत सांगितलंत. ट्राल्याचे सर्व टायर निघण्याआधी थंड असताना तपासले. हवा एकशे पाच पौंड. ओझ्याप्रमाणे योग्य. टायरमध्ये कोणताही दोष आढळला नाही.

मी थांबले. तुम्ही म्हणालात, "लिही."

मी लिहिलं, इंग्रजीत. नन लोकांनी घोटून घेतलेल्या, उजवीकडे झुकणाऱ्या त्या अक्षरात, ज्याचं तुम्ही पाहुण्यांसमोर कौतुक करायचात. दुसऱ्या दिवशी रजिस्टरातही तेच उतरवून घेतलंत. तुम्ही कागदावर बलकारविरुद्ध एक अक्षर सांगितलं नव्हतं. फक्त टायर अगदी बरोबर होता एवढंच सांगितलंत. आणि टायर अगदी बरोबर होता तर मग तो फुटला कशाने, याचं उत्तर द्यायला बलकार एकटा उरला.

त्याला किती दिवस ठेवलं, तिथे काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला माहीत आहे. जामिनावर आला तेव्हा डावा कान ऐकू येत नव्हता. कानाला तर गोळी लागली नव्हती.

मी एकदाच बोलले होते तुमच्याशी. तुम्ही बूट पुसत होतात. मी म्हटलं, "आप्पा, रजिस्टर में झूठ लिखा है."

तुम्ही ब्रश खाली ठेवला नाहीत. "अक्षर तुझं हाय," म्हणालात.

दोन वर्षं मी त्या वाक्यापाशी उभी आहे. तुम्ही ते मला गप्प करायला म्हणालात की कबूल करायला, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यानंतर मी यार्डात आले नाही. अभ्यास आहे असं सांगितलं. तुम्ही विचारलं नाहीत. रविवारी पहाटे स्कूटर सुरू व्हायची आणि मी पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडायचे.

तुम्ही बलकारला मदत केलीत, हे मी नाकारत नाही. मनीमाजऱ्यात पंक्चरची टपरी घालून दिलीत, जुना कॉम्प्रेसर दिलात, दर दिवाळीला मिठाई नेलीत. तो तुमच्या पाया पडायचा. लोक म्हणायचे, बघा सूबेदार साहेबांचं मन. तुम्ही मान खाली घालायचात आणि लोकांना तो विनय वाटायचा. त्याला दर महिन्याला लंगडत कोर्टात तारखेला जावं लागत होतं, आणि त्याच्या वकिलाला तुमच्या खऱ्या कागदाशिवाय दुसरं काही नको होतं.

स्मशानात तो आला होता. खांदा देताना त्याची लय चुकत होती, तरी त्याने चौथी बाजू सोडली नाही. नंतर नळापाशी मला म्हणाला, "हवा भरनी मैनूं सूबेदार साब ने सिखाई, मैडम जी. होर किसे ने नहीं." मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

तेराव्यानंतर आईने तुमची ट्रंक उघडली. गणवेश, पदकं, आणि तळाशी तुमच्या खिशातल्या डायऱ्या. फौजेपासूनची सवय. सगळ्या मराठीत, बारीक पेन्सिलीत, देवनागरी आकड्यांत. या शहरात त्या वाचू शकणारी दोनच माणसं होती, आई आणि मी, आणि आई चष्मा हरवल्याचं निमित्त करून आकडे टाळते.

तो रविवार मला लगेच सापडला. 'दु. ३. ट्राला. मागची ८ चाके. गरम १२५. काढून १०५ केली. बलकार नको म्हणत होता.' पुढे शेऱ्याचा रकाना आखलेला. रिकामा.

सगळ्या डायऱ्या चाळल्या, आप्पा. तीस वर्षांत शेरा रिकामा असलेली ती एकच ओळ आहे. तुम्हाला तिथे चार अक्षरं लिहायची होती. तीही मराठीत. तीही खिशातल्या वहीत.

म्हणजे तुम्ही खोटं स्वतःच्या हाताने लिहू शकत नव्हता, म्हणून ते माझ्या हाताने लिहिलंत. आणि खरं अशा जागी ठेवलंत जिथे ते फक्त मलाच वाचता येईल. हा विश्वास होता की भेकडपणा? मला दोन्ही दिसतात. एकाने दुसरं फिटत नाही.

आईला वाचून दाखवलं. तिने लुगड्याचा काठ सरळ केला. मग म्हणाली, "कुंकू गेलं माझं. आता नाव तरी राहू दे गं त्यांचं."

"आणि बलकार अंकलचं?" मी मराठीत विचारलं. तिने चमकून बघितलं. घरात मी मराठीत प्रश्न विचारत नाही.

"तो जगतोय की," आई म्हणाली.

तिला दोष देत नाही. मीही दोन वर्षं मनात हेच म्हणत होते.

बलकारच्या वकिलाला भेटले. ते म्हणाले, डायरी उपयोगाची आहे, पण आकड्यांनी भागणार नाही. कोर्ट विचारेल, ज्याने आयुष्यभर गरम टायरला हात लावू दिला नाही त्याने त्याच दिवशी का काढली हवा? कारण लागेल. आणि ते सांगायला मला उभं राहावं लागेल. भर कोर्टात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. ते म्हणाले, "बोल पाओगी, बेटा?" मी मान हलवली. त्यांनी सांगितलं, तिथे मान हलवून चालत नाही.

मी पहाटे साडेपाचला टेबलाशी बसले आणि निवेदन लिहिलं. त्याच झुकत्या अक्षरात. त्या दिवशी काय मोजलं, कोणी नको म्हटलं, कोणी भाग पाडलं. आधीचा कागद कोणी सांगितला आणि कोणी लिहिला. शेवटी एक वाक्य. माझे वडील घाबरले होते.

ते घेऊन मनीमाजऱ्याला गेले. बलकार स्कूटरच्या चाकात हवा भरत होता. मी उजव्या बाजूला बसले, ऐकू येणाऱ्या कानाकडे, आणि त्याला एकेक ओळ हिंदीत सांगितली. तो चाकावरचा हात न काढता ऐकत होता. शेवटचं वाक्य आलं तेव्हा त्याने कॉम्प्रेसर बंद केला.

"डर गए सी, ए वी लिखेया?"

"हां, अंकल."

"ए लैन कट्ट दे, पुत्त. फौजी बंदा सी. मरे होए नूं की कहना."

"काटूंगी तो बाकी किसी बात का मतलब नहीं रहेगा."

"मेरी गल्ल मन्न. मैं होर दो साल तारीखां भुगत लवांगा."

तो खरंच भोगेल, आप्पा. तुमच्या नावासाठी तो आणखी दोन वर्षं लंगडत जाईल. गोळी खाल्लेला माणूस तुम्हाला झाकायला निघाला होता, आणि तुम्ही त्याला एका कागदापुरतंही झाकलं नाहीत. तिथे, पंक्चरच्या पाण्याच्या टबाशेजारी, मला पहिल्यांदा रडू आलं. तुमच्या जाण्याचं होतं की त्याचं, मला सांगता येणार नाही. त्याने खांद्यावरचा पंचा पुढे केला. त्याला ग्रीसचा वास होता, तुमच्या रविवारच्या शर्टाचा.

वाक्य मी खोडलं नाही.

सोमवारी तारीख आहे. आई येणार नाही म्हणते. मी आत्तापासून निवेदन मोठ्याने वाचून बघते आणि दर वेळी मध्येच थांबते. घाबरणं म्हणजे काय ते मला तुमच्यापेक्षा कमी माहीत नाही. तुम्ही त्या आठवड्यात एकदा जरी मला म्हणाला असतात, पोरी, मला भ्या वाटतंय, तर मी तुमचा गेज धरलेला हात धरला असता. तुम्हाला लाज वाटली असती. पण आतलं चाक टिकलं असतं.

तुमच्या वहीत शेऱ्याची जागा रिकामी होती. ती मी भरली आहे. अक्षर माझंच आहे.